एक रकाना चुकला, म्हणून केसपेपर फाडायचा?

गेल्या महिन्यात भुकूमच्या एक बाई सासऱ्यांना घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. मधुमेहामुळे सासऱ्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागलेला. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे होते. तपासणीत काहीच अडचण नव्हती, सगळे अडले होते ऑनलाइन अर्जात. पहिल्यांदा फोटोची फाइल मोठी म्हणून अर्ज परत आला, आणि आला तो पूर्ण कोरा. दुसऱ्यांदा ओटीपी उशिरा आला, तोवर पानाची मुदत संपली. पुन्हा कोरा. तिसऱ्यांदा घाईत भरताना आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारकार्डापेक्षा वेगळे पडले. अर्ज गेला, पण नाव जुळेना. त्यात बाईंची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

रुग्णालयात केसपेपरवर वयाचा रकाना राहिला, तर कारकून त्यावर पेनाने गोल करतो आणि म्हणतो, ‘एवढे भरून द्या.’ एक रकाना चुकला म्हणून अख्खा केसपेपर फाडून नवा हातात देणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणू? संगणकाने तेच केले, की आपण ‘सर्व्हर डाउन असेल’ म्हणून गप्प बसतो. हा सर्व्हरचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा फॉर्म बनवणाऱ्याने एक काम केलेले नसते.

ते काम समजायला सोपे आहे. आपण ‘सबमिट’ दाबतो, तेव्हा भरलेली माहिती दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. या देवाणघेवाणीची मूळ पद्धतच अशी आहे, की सर्व्हरच्या लेखी प्रत्येक विनंती नवी. आधीचे काही आपोआप लक्षात राहत नाही. चूक आढळली, की तो पान नव्याने पाठवतो. त्या पानात आपण लिहिलेली उत्तरे परत भरून पाठवायची, हे सांगणारा कोड कोणीतरी लिहावा लागतो. तयार साधनांत ही सोय बहुधा असते. पण एखादे खाते स्वतःसाठी वेगळा फॉर्म बनवून घेते, तेव्हा नेमकी तीच राहून जाते. फोटो किंवा कागदपत्राचा रकाना तर आणखी अवघड. तो आधीच भरलेला दाखवायला ब्राउझर सुरक्षेसाठी मनाई करतो. म्हणून फोटो आधी सर्व्हरवर तात्पुरता ठेवून ‘मिळाला’ असे दाखवावे लागते.

यात डॉक्टरने लक्ष घालण्याचे कारण काय? कारण दुसऱ्यांदा भरलेला फॉर्म पहिल्यासारखा नसतो. पहिल्या वेळी माणूस रजिस्टर, आधारकार्ड, पासबुक समोर ठेवून लिहितो. तिसऱ्या वेळी आठवणीतून लिहितो, आणि थकलेल्या मेंदूची आठवण फसवी असते. गर्भवतीच्या नोंदीचे उदाहरण घ्या. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून आपण बाळंतपणाची अपेक्षित तारीख काढतो. ८ नोव्हेंबरच्या जागी घाईत दिवस-महिना उलटून ११ ऑगस्ट पडले, तर सुमारे तीन महिन्यांचा फरक पडतो. मग तपासण्यांचे, सोनोग्राफीचे सारे वेळापत्रक चुकते. क्षयरुग्णाला उपचारकाळात पोषणासाठी मिळणारे पैसे थेट बँकेत जमा होतात. २०१८ मध्ये ही मदत दरमहा ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. खातेक्रमांकातला एक आकडा चुकला, तर ज्याच्या ताटात ते पैसे यायचे, तो उपाशीच राहतो.

असाच अनुभव साऱ्या देशाने एकदा घेतला आहे. १८ ते ४४ वयोगटाची कोविड लसीची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारला सुरू झाली आणि सुरुवातीलाच यंत्रणा अडखळली. त्या दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. पुढचे काही आठवडे वेळ मिळवण्यासाठी ओटीपी, मुदत संपलेले पान, पुन्हा ओटीपी असा फेरा चालला. वेगवान इंटरनेट आणि चपळ बोटे असलेल्यांना गावाकडच्या केंद्रांवरच्या वेळा मिळत आणि त्याच गावचे लोक दारात उभे राहत. पुढे २४ मे रोजी या वयोगटाला सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करायला परवानगी मिळाली. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबण्याबद्दल सरकारला प्रश्न विचारले. लस तीच होती, पण वाटेत फॉर्म आडवा आला होता.

आज हा भार आशाताईंच्या खांद्यावर आहे. महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तर हजार आहेत. १८ ऑक्टोबर २०२३ पासून त्यांनी संप केला, तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही मागणीही होती. ती आळशीपणाची मागणी नव्हती. मुळशीच्या डोंगरकपारीतल्या वाडीवर रेंज येते-जाते. तिथे वीस रकाने भरून झाल्यावर पान कोरे झाले, तर ताई दोनच गोष्टी करू शकते. पुन्हा सगळे भरायचे, नाहीतर ‘अंदाजे’ भरून मोकळे व्हायचे. मग त्याच आकड्यांवर आपण जिल्ह्याच्या योजना आखतो.

जगात याबाबत नियम झाले आहेत. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत, म्हणून पाळल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या मापदंडाची २.२ ही आवृत्ती ५ ऑक्टोबर २०२३ रोजी आली. एकाच कामात एकदा दिलेली माहिती पुन्हा टाइप करायला लावू नये, ही त्यातली अगदी पायाभूत पातळीवरची अट आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्यांच्यासाठी लढा होता, ते ॲसिडहल्ल्यातले पीडित आणि दृष्टिहीन होते. कोऱ्या झालेल्या पानाचा सर्वात मोठा फटकाही अशांनाच बसतो. आणि हे करता येते, याचा पुरावा आपल्याच रुग्णालयांत आहे. आभा क्रमांक असलेला रुग्ण काही ठिकाणी क्यूआर कोड स्कॅन करतो आणि नाव, वय, पत्ता आपोआप केसपेपरवर येतो.

मात्र माहिती जपण्याला दुसरी बाजू आहे. गावात एकच फोन चार घरांचा असतो आणि अर्ज बहुधा सेवा केंद्रातल्या संगणकावर भरले जातात. तिथे आधीच्या माणसाचा फॉर्म तसाच राहिला, तर पुढच्याला त्याचा एचआयव्ही अहवाल किंवा मानसिक आजाराची नोंद दिसू शकते. म्हणून अर्धवट अर्ज सर्व्हरवर, अर्जदाराच्या नावाने आणि ठरावीक मुदतीपुरता जपावा. काम झाले, की समोरच्या संगणकावरून तो पुसला जावा.

ऑनलाइन फॉर्म बनवून घेणाऱ्या प्रत्येक खात्याने ठेकेदाराला बिल देण्याआधी एक साधी चाचणी घ्यावी. सगळे रकाने भरा, एक मुद्दाम चुकवा, सबमिट दाबा. बाकीचे रकाने तसेच राहिले आणि चुकलेल्या रकान्याशेजारी मराठीत कारण आले, तर पास. पान कोरे झाले, तर नापास. यासाठी तज्ज्ञ समितीची गरज नाही.

तोवर आपण काळजी घ्यावी. सगळी माहिती आधी कागदावर लिहून ठेवा, स्पेलिंग आधारकार्डावरून उतरवा, फोटो सांगितलेल्या आकाराचा करून ठेवा. अर्ज क्रमांक लगेच टिपून घ्या. दुसऱ्याच्या संगणकावर काम झाल्यावर लॉग आउट करायला विसरू नका.

भुकूमच्या त्या आजोबांना दुरुस्तीचा अर्ज करावा लागला. तो भरायला आमचा एक तरुण निवासी डॉक्टर त्यांच्या सुनेशेजारी बसला. त्या अर्धा तासात त्याने खरे तर चार रुग्ण तपासले असते.