अपमानाचे दुखणे

मनाचे दुखणे म्हटले की, ज्याला ते झाले त्याच्यातच काही उणे असले पाहिजे, असा निवाडा आपण त्याचे म्हणणे न ऐकताच देऊन मोकळे होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जात, धर्म, लिंग, वर्ग असा भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला, हे योग्यच झाले. परंतु ज्या भेदापायी दुखणे जडते तो दवाखान्याबाहेर शाबूत असेल, तर वैद्याने करावे तरी काय?

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून विद्या संपादून बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू झाले. हुद्दा होता, पगार होता. राहावयास जागा मात्र मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने त्यांस बाहेर काढले. त्या दिवसाची आठवण डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे त्यांनी कित्येक वर्षांनंतर लिहून ठेवले आहे. एवढ्या खंबीर पुरुषाची ही कथा, मग सामान्य पोराची काय होत असेल? एकदा नकार मिळालेला मनुष्य पुढच्या दारी आधीच अंग चोरून उभा राहतो, आणि ही अष्टौप्रहर सावधगिरीच त्याचे मन झिजवते.

आमच्या करवीरात या रोगाची चिकित्सा झालेली आहे. पागेतील गंगाराम कांबळे यास पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला. शाहू महाराजांनी त्यास चहाचे दुकान काढण्यास मदत केली. तेवढ्यावरच ते थांबते, तर दुकान गिऱ्हाइकावाचून बसते. महाराज भररस्त्यात गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींसही पाजीत. दुखणे गंगारामाचे, पण औषध पाजले ते गावाला!

आज खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलास आधी आडनाव विचारून, मग ‘खोली कालच गेली’ असे सांगणारे घरमालक नामशेष झालेले नाहीत. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. पण मालकाच्या मनातील कारण पुराव्यात आणणे किती कठीण, हे वकिली करणारास सांगावयास नको. म्हणून शहरातील घरमालकांस व व्यापारी मंडळींस आमची विनंती आहे की, येत्या जूनमध्ये भाडे व अटी दारावरील पाटीवर लिहाव्यात आणि त्या मान्य करून जो प्रथम येईल त्यास खोली द्यावी. आडनाव काय ते भाडेचिठ्ठीवर सही होताना कळेलच.