परक्याला ओसरी, आपल्याला वेस

दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनो,

कोल्हापूरच्या पाहुणचाराचे पोवाडे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दारी आलेला येथून उपाशी जात नाही, परका येथे परका राहत नाही, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि पुराव्यादाखल वळीवड्याचे नाव घेतले जाते. तो पुरावा खरा आहे. म्हणूनच तो तुम्ही नीट तपासून पाहावा. कारण तो पुढे करणाऱ्यांच्याच विरुद्ध तो साक्ष देतो.

वळीवड्यात काय घडले? १९३९ साली जर्मनी आणि रशिया या दोघांनी पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागातील लक्षावधी माणसे १९४० आणि १९४१ साली घरातून उपटून सैबेरियात व कझाकस्तानात फेकण्यात आली. पुढे सुटका झाली तेव्हा ती इराणमार्गे बाहेर पडली, आणि त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेच्या लोहमार्गाजवळ, वळीवडे येथे वसविण्यात आली. बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध. त्यांची भाषा येथे कोणास कळत नव्हती, धर्म निराळा, अन्न निराळे, वर्ण निराळा. तरीही त्यांच्यासाठी रांगेने बराकी उभ्या राहिल्या, कुटुंबागणिक खोल्या आणि पुढे ओसरी मिळाली. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटक-सिनेमाची सोय, सर्व काही झाले. खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा होता, हे खरे. पण जमीन या मातीतली होती आणि त्यांना बाजारपेठ मोकळी होती, ती या शहराची. १९४८ च्या सुमारास ते लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगले, कारण त्यांची मूळ गावे रशियाच्या हद्दीत गेली होती. मागे राहिलेल्या जागेवर फाळणीने निर्वासित झालेले सिंधी बांधव वसले. आजचे गांधीनगर ते हेच. कापडाच्या व्यापारासाठी साऱ्या जिल्ह्याला ते ठाऊक आहे.

पोलिश आयांबद्दल किंवा सिंधी निर्वासितांबद्दल आमच्या मनात किंतु नाही. घर गेलेल्या माणसाचे दुःख आम्हांला कोणी शिकवायला नको. त्यांना मिळाले ते योग्यच मिळाले. पण वाचकहो, हिशेब मांडून पाहा. जी माणसे कधी पाहिली नव्हती त्यांची वसाहत थोडक्या काळात उभी राहते. आणि जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या गावचा निरोप पोहोचवीत आली, गावची मेलेली ढोरे ओढीत आली, ती मात्र त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, वेशीबाहेर होती. म्हणजे जागा नव्हती असे नव्हे. पैसा नव्हता असेही नव्हे. इच्छा नव्हती!

यावर कोणी म्हणेल, पोलिश लोकही छावणीत, गावाबाहेरच होते. होते. परंतु त्यांच्या सावलीचा विटाळ कोणी मानला नाही, त्यांच्या पैशावर पाणी शिंपडून कोणी तो उचलला नाही, आणि छावणी पाच वर्षांत संपली. आपली छावणी किती शतके चालली आहे, हे ज्याने त्याने मोजावे.

दुसरा आक्षेप नेहमीचा. प्रश्न जातीचा नाही, आचाराचा आहे. खाणे वेगळे, राहणी वेगळी, म्हणून घर देववत नाही. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी कोडोली सोडण्याचीही गरज नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, आणि पुढे त्यांच्या मिशनचे एक ठाणे कोडोलीत झाले. तेथले चर्च आणि मिशनचे इस्पितळ तुम्हांस ठाऊकच आहे. शास्त्राच्या भाषेत हे साहेब म्लेच्छ. गोमांस त्यांना वर्ज्य नव्हते. तरी त्यांना जमीन मिळाली, बंगले झाले, आणि त्यांच्या दवाखान्यात औषध घेताना कोणाचे सोवळे बुडाले नाही. मग आचार कोठे गेला? साहेबाच्या पाठीशी सत्ता होती, आपल्या पाठीशी नव्हती. एवढाच तो आचार. आज शहरातील सोसायट्यांत ‘फक्त शाकाहारी’ अशी पाटी लागते, तेव्हा त्या पाटीचा अर्थ लावताना कोडोलीच्या बंगल्याची आठवण ठेवा.

परदेशात घर मिळावे आणि स्वदेशात मिळू नये, हा अनुभव बाबासाहेबांइतका जळजळीत कोणाच्या वाट्यास आला असेल? १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कमध्ये होते. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांचा सोबती नवल भथेना हा पारशी तरुण होता. त्या खोलीत जात कोणी विचारली नाही. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे घर मिळेना, म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर उभे राहिले. मग एका हिंदू मित्राचे दार ठोठावले, एका ख्रिस्ती मित्राचे ठोठावले. दोन्ही बंद. कामाठी बागेत झाडाखाली दिवस काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. एकाच जातीचा पारशी न्यूयॉर्कमध्ये खोलीसोबती होतो आणि बडोद्यात काठी घेऊन येतो, याचे मर्म पारशीपणात नाही. ते या देशाच्या हवेत आहे. आणि ती हवा पेटीत भरून परदेशीही नेली जाते. नाहीतर अमेरिकेतील सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये नोकरीबरोबरच घर देण्यातही जातिभेद करण्यास बंदी करणारा कायदा का करावा लागला असता?

आता कायद्याकडे वळू; कारण तळमळीने भाडेपट्टा हाती येत नाही. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते यांची नावे आहेत. राहत्या घराचे नाव नाही. या उणिवेचा फायदा घेणारे आहेत. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखले होते, ते २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. परंतु अस्पृश्यता १७ व्या अनुच्छेदाने नष्ट झाली, आणि १९५५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, घेणे वा त्यात राहणे यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. अमेरिकेने आणि इंग्लंडने घर देताना वर्णभेद करण्यास देशभर बंदी केली ती १९६८ साली; आपला कायदा त्यांच्याहून तेरा वर्षांनी थोरला आहे. थोरला आहे आणि झोपला आहे.

याच कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे, गुन्हा अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. तसे नव्हते हे घरमालकाने सिद्ध करावयाचे. ‘तुम्ही आता बौद्ध झालात, तुमचा त्या कायद्याशी काय संबंध?’ असे कोणी चौकीत म्हणाल्यास १९९० च्या दुरुस्तीचे नाव घ्या. तिने अनुसूचित जातींतील बौद्धांना त्या यादीत कायम स्थान दिले आहे.

नाव बदलून खोली घेण्याचा मोह आवरा. पुण्यात, मुंबईत आपली मुले आडनाव गिळून राहतात. आईने बुद्धमूर्ती आणू नये म्हणून तिला भेटीस बोलावीत नाहीत. ज्या मुलाला बडोद्याची कथा तोंडपाठ आहे त्याने शंभरहून अधिक वर्षांनंतर तेच नाटक पुन्हा वठवावे काय? पण सगळा दोष त्याच्या माथी मारणेही अन्याय आहे. शाहू महाराजांनी हे ओळखले होते की शाळा उघडून भागत नाही, मुलगा राहणार कोठे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. म्हणून १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. ज्यांनी शहरात दोन खोल्या बांधल्या आहेत त्या आपल्या नोकरदार बंधूंनी हे ध्यानी घ्यावे.

आणि त्यांना आणखी एक विचारावयाचे आहे, कटू वाटले तरी. तुमच्या रिकाम्या खोलीसाठी मातंग कुटुंब आले, मुसलमान विद्यार्थी आला, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलेत? ‘पाहुणे येणार आहेत’ हे वाक्य आपण सवर्ण घरमालकाकडूनच शिकलो ना?

गावचा प्रश्न तर अजून तसाच आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचे ठरविले. नाव पालटले, जागा हलली नाही. रमाई आवास योजनेचे घरकुलही बहुधा जुन्याच वस्तीत, जुन्याच पायावर उभे राहते, कारण अन्यत्र जागा कोणाच्या नावावर आहे? सरकार नवे घर देते आणि जुना पत्ता कायम ठेवते. तेव्हा गावठाणाची वाढ होऊन नवे भूखंड पाडले जातील त्या वेळी कोडोलीतील आणि पन्हाळा तालुक्यातील बंधुभगिनींनी ग्रामसभेत उभे राहून एवढेच विचारावे की, या भूखंडांच्या रांगेत आमची घरे शेजारी-शेजारी येणार की पुन्हा एका टोकाला? मिळेल ते उत्तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून इतिवृत्तात लिहवून घ्यावे आणि त्याची नक्कल मागावी.