प्रवाळ टिकलं तरच स्कूबा टिकेल; मालवणच्या उथळ पाण्याचा हिशोब

मालवण : सुट्ट्या लागल्या की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबाच्या होड्यांची गर्दी होते. पोहता न येणारा पर्यटकही गाईडच्या आधाराने खाली जातो, मासे बघतो आणि व्हिडिओ घेऊन परततो. हे जमतं कारण आपलं प्रवाळ उथळ पाण्यात आहे. पण उथळ आहे म्हणूनच त्याला पायही लागतात आणि नांगरही.

प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी तो जिवंत प्राणी आहे. त्याचे गोल गठ्ठ्यासारखे प्रकार वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे एका नांगराने दहा-वीस वर्षांची वाढ तुटू शकते. वन्यजीव कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. मालवण सागरी अभयारण्यही 1987 सालीच जाहीर झालंय. तरी अभयारण्य म्हटलं की मच्छीमारांना मासेमारीवर बंदीची धास्ती वाटते. ती चुकीची म्हणता येणार नाही. मात्र व्यावसायिकांनी स्वतः शिस्त पाळली नाही, तर बंदीची मागणी करणाऱ्यांना आयतं कारण मिळेल.

दुसरा मुद्दा जिवाचा. उथळ म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे. स्कूबात वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते. दोन-तीन मीटरवरही हे होऊ शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा. फ्रीडायव्हिंगमध्ये उलट, सिलिंडर नसतो, श्वास रोखूनच जायचं असतं. तिथे बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं घातक, कारण दम संपल्याची जाणीवच होत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. एकट्याने बुडी मारायचीच नाही, लक्ष ठेवायला जोडीदार हवाच.

धोका फक्त पाण्याखाली नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला.

मग करायचं काय? नांगराऐवजी तळाला पक्के बांधलेले बोये हवेत, म्हणजे होडी त्यालाच बांधता येईल. माशांना पाव-बिस्किटं घालणं बंद व्हावं. प्रवाळावर उभं राहू नये, हे पर्यटकाला होडीतच सांगावं. लाईफ जॅकेट आणि माणसांची मर्यादा यात तडजोड नको.

यातलं बरंचसं सरकारची वाट न बघता करता येईल. बोयांसाठी मात्र व्यावसायिक, मच्छीमार आणि वन विभागाला एकत्र बसावंच लागेल. पर्यटक पुढच्या वर्षी दुसरा किनारा शोधेल. आपल्याला दुसरा दर्या नाही.