मार खा, नाहीतर आरोपी व्हा!

बांधाचा वाद असो, पार्किंगचा असो की डीजेचा. मारामारी पोलीस ठाण्यात पोचली की निकाल ठरलेला : "दोघांवरही घ्या." मारायला आलेला आरोपी आणि जीव वाचवणाराही आरोपी. याला म्हणे निःपक्षपातीपणा!

समजा, तिघांनी एकाला त्याच्याच शेतात गाठून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. खाली पडलेल्या माणसाच्या हाताला काठी लागली, त्याने ती फिरवली, एकाचं डोकं फुटलं. आता कागद बघा. याला मुका मार, म्हणून याची एनसी. समोरच्याला काठीने जखम, म्हणून याच्यावर दखलपात्र गुन्हा. वर शांतता राखण्यासाठी दोन्हीकडे चॅप्टर केस. कायदा असं सांगतो?

अजिबात नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 आहेत. कलम 34 स्पष्ट आहे : स्वसंरक्षणात केलेली कृती हा गुन्हाच नाही. गुन्हा करून माफी नव्हे, गुन्हाच नाही! 2010 मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की जखम होईपर्यंत थांबायची गरज नाही, हल्ल्याची रास्त भीती पुरेशी आहे. अंगावर वार येत असताना माणूस तराजू घेऊन बसत नाही.

पण यावर मिशा पिळणाऱ्यांनीही ऐकावं. गरजेपेक्षा जास्त मारलं की संरक्षण संपलं. तो पळाला आणि तुम्ही पाठलाग करून मारलंत, तो बचाव नाही. घरी जाऊन पोरं गोळा करून आलात, तो तर सरळ सूड. धोका संपला की हक्कही संपतो.

साहेब म्हणतात, "दोन्ही फिर्यादी घ्याव्याच लागतात, बाकी कोर्ट बघेल." दखलपात्र असेल तर फिर्याद घ्यावी लागते, मान्य. पण तपास न करता दोघांवर सारखंच दोषारोपपत्र पाठवा, असं कुठे लिहिलंय? कोण कोणाच्या शेतात आलं, पहिला हात कोणी उचलला, सीसीटीव्हीत काय दिसतं, हे शोधणं तुमचंच काम. स्वसंरक्षण दाखवायची जबाबदारी कोर्टात आरोपीवर असते. सुरुवातीचा पुरावा तुम्हीच गोळा केला नाही, तर तो बिचारा काही वर्षांनी कुठून आणणार? आणि कोर्ट बघेपर्यंत पोरगं पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला अडकतं, त्याचं काय?

ही "मिटवून घ्या"ची पद्धत गुंडाच्याच सोयीची आहे. त्याला केसची सवय असते. घाबरतो तो साधा माणूस, आणि क्रॉस केस मागे घ्यायच्या बदल्यात स्वतःची खरी तक्रार सोडून देतो.

म्हणून लक्षात ठेवा. लगेच 112 ला फोन. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी, मुका मारसुद्धा लिहून घ्या. फुटेज पुसलं जायच्या आत मिळवा. आणि जबाबात "मी हातच लावला नाही" असं खोटं सांगू नका. मारलं, आणि का मारावं लागलं, ते सरळ लिहा. ठाण्यात ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा.

दोघांना एकाच दावणीला बांधणं म्हणजे न्याय नव्हे, कामचुकारपणा आहे.