पाटी कुणाची, मालकी कुणाची?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने सोलापुरातली खालूंची बेकरी बंद केली आणि त्याच गाळ्यात चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घेतली. उद्घाटनाला मीही गेलो होतो. "भाईजान, आता भट्टीपुढे भाजून घ्यायला नको. मालक झालो," तो म्हणाला. सोळा महिन्यांत दुकानाला कुलूप लागलं. त्यानंतर मी त्याचा करार पहिल्यांदा वाचला. घरातला शिकलेला भाऊ मी, पण उद्घाटनाचे फोटो काढून परत आलो होतो.

मालक हा शब्द इथे जपून वापरायला हवा. फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याचं नाव आणि कामाची पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरण्याचा परवाना. सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतो तसंच हे: वापरता येतं, पण सोर्स कोड आपला होत नाही. भाडं, पगार, वीजबिल आपलं. नावाची पत कंपनीची.

त्यात रॉयल्टी बहुधा नफ्यावर नसते, विक्रीवर असते. समजा महिन्याला ३ लाखांची विक्री झाली आणि रॉयल्टी ६ टक्के आहे. महिना तोट्यात गेला तरी १८ हजार द्यावेच लागतात. कच्चा मालही कंपनीकडूनच घ्यायचा असेल तर तिथे ती पुन्हा कमावते. सगळे ब्रँड असे नसतात. अमूल आपल्या पार्लरवाल्याकडून रॉयल्टी घेत नाही; त्याला मालावर मार्जिन मिळतं, पिशवीच्या दुधावर थोडं, आइस्क्रीमवर बरंच जास्त. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ही कंपनी माझा माल खपल्यावर कमावते, की नव्या लोकांकडून प्रवेश फी घेऊन?

अमेरिकेत सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला स्वतःची सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. मुख्य आधार १८७२च्या करार कायद्याचा. म्हणजे कागदावर जे लिहिलंय, त्यावरच सगळं अवलंबून. भावाच्या करारात अट होती की करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही. त्या भीतीने तो सहा महिने घरी बसला. करार संपल्यानंतरची अशी बंदी कलम २७ नुसार सहसा टिकत नाही, हे वकिलाने एका भेटीत सांगितलं. ती भेट सहीच्या आधी व्हायला हवी होती.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांची. व्याज नको म्हणून भावाने बँकेचं कर्ज घेतलं नाही. पैसा आला खालाच्या दागिन्यांतून आणि दुबईतल्या भावाच्या बचतीतून. भावनेचा मी आदर करतो. पण बँकेने निदान हिशेब मागितला असता. घरच्यांनी काहीच विचारलं नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, हे सांगणारी आयत कुरआनमधली सर्वात मोठी आयत आहे. आपण मात्र लिहायला सांगणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतो.

मग फ्रँचायझी घ्यायचीच नाही का? जरूर घ्या. पण आधी त्याच ब्रँडच्या चार दुकानदारांना भेटा, त्यातला एक तरी दुकान बंद केलेला असू द्या. करार वकिलाला दाखवा. पैसा घरचा असला तरी कुणाचा किती आणि तोटा कुणी सोसायचा, ते कागदावर घ्या.

ब्रँड विकतो ती गोष्ट खरं तर साधी असते: लिहून ठेवलेली पद्धत, रोज तीच चव. खालूंच्या नानकटाईसाठी लोक अक्कलकोटहून यायचे. तिचं माप कुणी लिहून घेतलं नाही, पाटीवरचं नावही कधी नोंदवलं नाही. खालू आता थकलेत, पण माप त्यांना तोंडपाठ आहे. मागच्या रविवारी भाऊ वही घेऊन त्यांच्याजवळ बसला होता.