ड्रायव्हरला डिस्टर्ब करा!

"चालवणाऱ्याला डिस्टर्ब करू नको." हे वाक्य ज्याने कधीच ऐकलं नाही असा मराठी माणूस दाखवा आणि माझ्याकडून कटिंग चहा मिळवा. स्टिअरिंगवर बसलेला माणूस म्हणजे त्या गाडीचं कुलदैवत. शेजारी बसणाऱ्याचं काम काय, तर चिवड्याचा डबा उघडून देणे आणि गाणी बदलणे. टोलचे सुटे काढायचं काम होतं, तेही फास्टॅगने काढून घेतलं.

या विकांताला मला ह्या समजुतीशी भांडायचंय. माझं म्हणणं सरळ आहे. घाटात, धुक्यात, शेजारी बसलेल्याने बोललंच पाहिजे आणि चालवणाऱ्याने ऐकलंच पाहिजे. मग चालवणारा कोणीही असो. जावई असला तरी!

जावई मध्येच कुठून आला? सांगतो. आमचं गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. सोयाबीन-तुरीचा मुलूख. इथल्या माणसाला थंड हवेचा घाट बघायचा असला की तो कारंजा, अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याला जातो. समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटर उंच. शरदात खाली ऑक्टोबरचं ऊन कातडी सोलत असतं आणि वर रस्त्यावर ढग उतरलेला असतो. हो, ढगच. आपण ज्याला घाटातलं धुकं म्हणतो तो बहुतेक वेळा डोंगराला टेकलेला ढग असतो.

सोयाबीन निघाल्यावर मी पुण्याहून घरी गेलो होतो. भाऊजी म्हणाले, चल, चिखलदरा मारून येऊ. आम्ही दोघंच. परतवाडा सोडलं, घाट सुरू झाला आणि थोड्या वेळाने समोरचं जग गायब. रस्त्याकडेचे चुना मारलेले दगड मोजून अंदाज केला, फार तर तीस मीटर दिसत होतं. भाऊजींनी अप्पर मारला, चारही इंडिकेटर लावले आणि काटा चाळीसवर ठेवला. मी म्हटलं, "भाऊजी, वीसवर या. आणि डिप्पर करा."

"अठरा वर्सं झाले गाडी चालवून राहिलो मी. तू मले शिकवशीन काय?"

मी पुन्हा म्हटलं. मग वरपर्यंत गाडीत शांतता. घरी आल्यावर आईचा वेगळा वर्ग. "जवायाले असं बोलतेत काय रे?"

आई, बोलतात. का ते गणिताने सांगतो.

ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोर काही दिसलं, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. ओल्या रस्त्यावर घर्षण ०.४ धरा. सपाटीवरसुद्धा गाडी थांबायला एकूण ३२ मीटर लागतात. दिसतंय ३०. म्हणजे दरड पडलेली दिसली तरी तुम्ही तिला भेटूनच थांबणार. आता खरी गंमत. अरुंद घाटात समोरूनही कोणीतरी येत असतो, आणि त्यालाही तेवढाच ब्रेक लागतो. ३२ अधिक ३२, झाले ६४. म्हणून अरुंद रस्त्यावर जेवढं दिसतं त्याचं निम्मंच आपलं, उरलेलं निम्मं समोरच्याचं. वीसच्या वेगाला एका गाडीला १२ मीटर पुरतात. दोघांचे मिळून २४, तिसात बसले. मी 'वीस' म्हटलं ते घाबरून नाही, भागाकार करून.

अप्परचंही तेच. धुक्याचे थेंब दिव्याचा उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. अप्पर जितका जोरात तितकी समोरची भिंत पांढरी. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावले की मागच्याला कळत नाही की ही गाडी उभी आहे, चालतेय की वळणार आहे. वळायचा सिग्नल आपण स्वतःच पुसून टाकलेला असतो.

"पण काही झालं तर नाही ना?" हा भाऊजींचा शेवटचा हुकमी एक्का. नाही झालं. समोरून कोणी आलंच नाही. आमच्या धंद्यात एखादा म्हणाला की बग दिसला नाही म्हणजे बग नाही, तर त्याला आम्ही चहालासुद्धा सोबत नेत नाही. अठरा वर्षांचा अनुभव खराच आहे हो, पण तो बहुतेक इंझोरी-कारंजाच्या उघड्या उन्हातला आहे.

आता जरा लांब जाऊ, कारण अनुभव आणि मान यांची किंमत एका डोंगराळ बेटावर जगाने मोजली आहे. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. उंची सहाशे मीटरहून जास्त, धावपट्टीवर ढग उतरलेला. केएलएमचं जंबो विमान उड्डाणासाठी सुटलं तेव्हा पॅन ॲमचं जंबो त्याच पट्टीवर होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं की ते विमान बाजूला झालंय ना? कंपनीतल्या अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने ठासून होकार दिला. इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली.

त्या अपघातानंतर विमानवाल्यांनी "कॅप्टनला डिस्टर्ब करू नका" असा बोर्ड नाही लावला. उलट केलं. हाताखालच्याने शंका स्पष्ट कशी बोलायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, याचं रीतसर ट्रेनिंग उभं राहिलं. १९७९ मध्ये नासाने त्यावर कार्यशाळा घेतली, पुढे जगभरच्या विमान कंपन्यांनी ते स्वीकारलं. जंबो जेटच्या कॅप्टनचा मान त्याने कमी झाला नाही. मग आमच्या जावयाचाच कसा काय होतो?

एक आक्षेप मला मान्य आहे. सतत कटकट केली की चालवणारा गोंधळतो. अगदी खरं. म्हणून बोलायचं काय ते निघण्याआधीच ठरवा. "तुम्ही फार जोरात चालवता" ही टीका झाली. "समोर दिवा", "डावीकडे दगड", "वीस" ही माहिती झाली. टीका खाली उतरल्यावर, भजी खाताना करा. माहिती तिथल्या तिथे द्या. आणि "थांबा" हा एक शब्द असा ठेवा की तो ऐकल्यावर आधी वेग कमी करून जागा बघून थांबायचं आणि मगच विचारायचं, काय झालं. चूक निघाली तर दोन मिनिटं गेली, बस.

आणि शेजारच्या सीटवरच्या मंडळींनो, तुम्हालाही सुट्टी नाही. धुकं दिसलं की मोबाईल काढून रील करत बसता, काच खाली करून "वॉव" म्हणता. त्या तीस मीटरात बघणारे चार डोळे असताना दोनच वापरायचे, हा कुठला हिशोब? काच जरूर खाली करा, पण हॉर्न ऐकायला.

मान म्हणजे जेवायला पहिलं ताट. मान म्हणजे धोंड्याच्या महिन्यात कपडे. घाटात ३२ मीटर लागत असताना ३० दिसतंय हे माहीत असून गप्प बसणं, याला मान म्हणत नाहीत. माझी ताई घरी वाट बघत होती, म्हणून मी बोललो. पुढच्या शरदातही भाऊजींबरोबरच जाणार आहे आणि तेव्हाही बोलणार आहे.