खोलीचं तापमान, पण कुणाच्या खोलीचं?

फ्रान्सच्या रोन खोऱ्यातली सेंद्रिय रेड वाईन. ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र या द्राक्षांचं मिश्रण. 'रूम टेंपरेचरलाच प्यायची असते' म्हणत आपण ती मे महिन्यात ३० अंशांवर ओततो आणि वर म्हणतो, यापेक्षा आपली फेणी बरी! अहो, ती खोली तिथल्या थंड दगडी घरातली. थंड होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. १६ अंशांच्या आसपास काळ्या मिरीचा, पिकल्या फळांचा वास येतो. गरम वाईनमध्ये नुसता अल्कोहोल नाकात जातो. सोबत भाजलेलं मटण घ्या. झणझणीत शागोती नको, तिखट आणखी भडकतं. (घरी हे कुणालाच पटत नाही.) आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं समजू नका. आपले बागायतदार सुपारीवर मारतात ते बोर्डो मिश्रण सेंद्रिय द्राक्षांवरही चालतं, फक्त तांब्याला मर्यादा: ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो.